गिरणीची किल्ली

बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत शिरताना आधी वास येतो. तूस, जुनं ग्रीस, ओली भिंत आणि वटवाघळं, अशा चौघांचा मिळून तो वास असतो. मग डोळे सरावतात. पत्र्याचे खिळे जिथे निसटलेत तिथून उजेडाच्या काठ्या खाली टेकलेल्या दिसतात. हलर कधीच भंगारात गेलेला असतो, पण त्याचा चौथरा चार बोल्ट वर काढून जागच्या जागी असतो. भिंतीला एक गोल भोक असतं, शाफ्ट तिथून पलीकडच्या इंजिनाच्या खोलीत जायचा. दाराशी वजनकाट्याचा खड्डा. आणि चुन्याच्या भिंतीवर कुणा हमालाने कोळशाने मांडलेला पोत्यांचा हिशेब: उभ्या चार रेघा, पाचवी आडवी.

अशा जागी गेलो की मी एक काम न चुकता करतो. मधोमध उभा राहतो आणि एक टाळी वाजवतो. टाळी एकदा परत आली तर हरकत नाही. दोनदा आली तर समजायचं, इथे गाण्याची तान कदाचित खपेल, पण शब्द उभा राहणार नाही. कलघटगीजवळच्या एका गिरणीत ती तीनदा परत आली होती. तरीही आम्ही तिथे कार्यक्रम केला. त्याची फजिती पुढे सांगतो.

बंद गिरण्या, गोदामं, कारखाने यांतून गावासाठी कलेची जागा कशी करायची, हा या पुस्तकाचा विषय. ऐकताना तो मोठ्या शहरांचा वाटतो. पण आमचं कलघटगी म्हणजे हुबळीहून कारवारकडे निघालं की लागणारं तालुक्याचं गाव. कापसाची काळी जमीन मागे पडते, पुढे मलनाडची झाडी सुरू होते, त्या सांध्यावर आम्ही. गावाचं नाव बाहेर ठाऊक आहे ते इथल्या रंगीत लाकडी पाळण्यांमुळे. आमच्यासारख्या घरांत चुलीपाशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड चालते, आणि नाटक दोन्हींत बघितलं जातं. अशा गावाला नाट्यगृह कोण देणार? सरकारी भवन मिळालंच तर त्याचा उपयोग सत्कार आणि लग्नं यांनाच अधिक होतो. रिकामी शेड मात्र दर दुसऱ्या गावात एक तरी असते.

आणि पत्र्याखालचं नाटक आमच्याकडे काही नवं नाही. उत्तर कर्नाटकातल्या नाटक कंपन्या जत्रेच्या गावी जाऊन पत्रे आणि बांबू यांचं थिएटर उभं करतात, मुक्काम संपला की तेच सोडवून पुढच्या गावी नेतात. बदामीजवळच्या बनशंकरीच्या जत्रेत अशी थिएटरं एकमेकांना खेटून उभी असतात. एकीकडचं रडणं आणि दुसरीकडचं हसणं एकाच वेळी कानावर पडतं. त्याआधीची देवघेव तर सर्वांना माहीत आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या अधिपतींना तसं काही मराठीत हवंसं वाटलं आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्याच वर्षी गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. पुढे मराठी कंपन्या इकडे इतक्या गाजल्या की गदगला कन्नड नाटककार शांतकवींना चिडून कन्नड नाटकमंडळी काढावी लागली. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी संगीत रंगभूमीवर गाजले ते स्त्रीभूमिकांत. या सगळ्यांपैकी कुणी वातानुकूलित सभागृहाची वाट बघत बसलं नव्हतं.

म्हणून आमच्या प्रश्नात ‘इमारत’ हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग मला मुंबईच्या गिरणगावाने शिकवला, आणि तोही उलट्या बाजूने.

तिथे गिरण्या ५८. त्यांच्या जमिनीचं काय करायचं हे सांगणारा विकास नियंत्रण नियमावलीतला नियम, त्याचाही क्रमांक ५८. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर मिटला असं आजही कुणी म्हणत नाही. १९९१ च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे सांगितले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला हे भावकीच्या वाटणीसारखं सरळ. पण २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती हिशेबात धरायची नाही. गिरणीच्या आवारात शेडशिवाय असतं काय? रस्ता, टाकी आणि चिमणीभोवतालचं अंगण. प्रकरण कोर्टात गेलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली, आणि साचे खाते, रिंग खाते जिथे होते तिथे मनोरे चढले. फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या मधोमध अजून उभी आहे. धूर नाही, भोंगा नाही, खाली दिव्यांच्या माळा.

या कामगारांना कला नव्याने शिकवायची गरज होती असंही नाही. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं ते याच वस्तीच्या जोरावर. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं. पाळी संपवून आलेल्या कामगाराने तिथे तोंडाला रंग लावला आणि सकाळी धुऊन पुन्हा साच्यावर गेला. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरायचे. गिरण्या थंडावल्या तशी तिकीटबारीही थंडावली. नव्वदच्या दशकात हनुमान थिएटर बंद झालं आणि तिथे मंगल कार्यालय आलं. दामोदर नाट्यगृहाला २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी कुलूप लागलं. म्हणजे ज्या काळात लाखो चौरस फूट शेडा रिकाम्या पडल्या होत्या, नेमक्या त्याच काळात त्या शेडांत काम केलेल्या माणसांची नाटकं बघायची ठिकाणं एकेक करून जात होती. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकात गिरणी कामगाराचं घर रंगमंचावर आलं. गिरणी नाटकात गेली, नाटक गिरणीत आलं नाही.

अगदीच आलं नाही असंही नाही. महालक्ष्मीला लक्ष्मी मिल इस्टेटमधल्या एका जुन्या गोदामात अनुराधा पारीख यांनी ‘जी-फाइव्ह-ए’ उभं केलं. त्या स्वतः वास्तुरचनाकार. काळ्या भिंतींचं, हलत्या आसनांचं आटोपशीर नाट्यघर, नेटकं चाललेलं. ससून डॉकला २०१७ मध्ये गोदीच्या एका जुन्या इमारतीत मोठं कलाप्रदर्शन भरलं आणि एरवी तिकडे न फिरकणारी मुंबई नाकाला रुमाल लावून बघायला आली. ही कामं चांगलीच आहेत. पण लक्ष्मी मिलच्या नाट्यघराचे दिवे लागले तोवर चाळीतला माणूस डोंबिवली-विरारच्याही पलीकडे गेला होता. जागा राहिली, तिचा जुना माणूस राहिला नाही. मग ती जागा ‘समाजाची’ म्हणायची ती कोणत्या समाजाची?

हाच प्रश्न ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात एका बाईंनी योग्य वेळी, म्हणजे नकाशा काढण्याआधी विचारला होता. लीना बो बार्दी. जन्म इटलीतला, काम ब्राझीलमध्ये. पोंपेइया नावाच्या कामगार वस्तीत लोखंडी पिपं बनवणारा एक जुना कारखाना होता. व्यापारी क्षेत्रातल्या नोकरदारांच्या कल्याणासाठी चालणाऱ्या ‘सेस्क’ या संस्थेने तो घेतला आणि १९७७ मध्ये काम त्यांच्याकडे सोपवलं. पहिल्या फेरीत त्यांनी रिकाम्या शेडचं देखणं काँक्रीट पाहिलं. पुढे एका शनिवारी गेल्या तर आत माणसंच माणसं. पोरं धावताहेत, फुटलेल्या छपरातून पडणाऱ्या पाण्यात चेंडू खेळताहेत, आया मांस भाजताहेत, शेजारी बाहुल्यांचा खेळ रंगलाय. त्यांनी ठरवलं, हे जे चाललंय ते असंच चालू राहिलं पाहिजे. आपलं काम एवढंच.

शेडा पाडल्या नाहीत. विटांचा गिलावा काढून वीट उघडी ठेवली. आत ग्रंथालय, शेकोटीची जागा, फरशीतून वाहणारा पाण्याचा नागमोडी पाट, मातीकाम-छपाई-विणकामाच्या कार्यशाळा, आणि दोन्ही बाजूंनी प्रेक्षक बसतील असं थिएटर. थिएटरच्या खुर्च्या मुद्दाम लाकडी, गादीविना. त्यावर टीका झाली, बाई बधल्या नाहीत. १९८२ मध्ये ते खुलं झालं. मुंबईत संप सुरू झाला तेच हे वर्ष. मी तारखांच्या योगायोगांत अर्थ शोधत नाही, पण ही जोडी मनातून जात नाही.

पैशाचाही मुद्दा तिथे आहे, आणि तो आपल्याकडच्यांनी नीट बघावा. सेस्कचा खर्च मालकांनी पगारपत्रकावर भरायच्या वर्गणीतून निघतो, देणगीदाराच्या मर्जीवर नाही. आपल्याकडेही हे अपरिचित नाही. १९५३ च्या कायद्याने मुंबई राज्यात कामगार कल्याण निधी आला. कामगार आणि मालक दोघांची त्यात वर्गणी. त्यातून कामगार कल्याण केंद्रं निघाली, नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि त्या स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट दिले याची गणती नाही. निधी होता, नट होते, शेडा होत्या. तिघांची गाठ घालणारं कुणी नव्हतं.

लंडनच्या टेट मॉडर्नचं उदाहरण सगळे देतात, विजेचं केंद्र होतं आणि २००० मध्ये कलासंग्रहालय झालं. ते भव्य आहे, आपल्या कामाचं नाही. आपल्या कामाचा आहे तो पॅरिसच्या वेशीवरच्या व्हँसेनच्या रानातला काडतुसांचा जुना कारखाना, कार्तुशरी. सैन्य तिथून निघून गेलं होतं. १९७० मध्ये आरियान म्नुश्किन आपली ‘थिएत्र द्यु सोलेय’ ही नाटकमंडळी घेऊन तिथे घुसल्या. घुसल्या हाच शब्द बरोबर, आधी तालमीपुरती जागा मिळवली आणि मग हललेच नाहीत. नटांनीच झाडलोट केली, रंग लावला, आणि फ्रेंच राज्यक्रांतीवरचं ‘१७८९’ त्या वर्षाच्या अखेरीस तिथे उभं केलं. दारात म्नुश्किनबाई स्वतः तिकीट फाडतात, आत मंडळीच जेवण वाढतात, आणि नट रंगभूषा करत असतात ती प्रेक्षकाला दिसते. आपल्याकडच्या कंपनी नाटकाच्या बिऱ्हाडाशी याचं नातं मला पुष्कळ जवळचं वाटतं. तिथेही तिकीटबारीवरची बाई तासाभराने राणी होऊन यायची.

आमच्या जिल्ह्यात म्हणाल तर धारवाडचं एक उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे, म्हणूनच ते कुणाला दिसत नाही. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ ची. तिचं मुख्य कार्यालय धारवाडला होतं. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत विलीन झाली, कारभार मद्रासला गेला आणि धारवाडला उरली ती प्रशस्त दगडी इमारत. १९१७ ला सुरू झालेलं कर्नाटक कॉलेज पुढे त्याच इमारतीत आलं. जिथे कारकून मालगाड्यांचे हिशेब लिहीत तिथे कालिदास शिकवला जाऊ लागला, आणि आज त्याच आवारात ‘सृजना’ रंगमंदिर आहे, धारवाडची बरीच नाटकं तिथेच होतात. हे दफ्तर होतं, कारखाना नव्हे, हे मान्य. पण रेल्वे कंपनी गेली म्हणून धारवाडकरांनी इमारतीला उंदरांच्या हवाली केलं नाही, एवढं यातून घ्यायला हरकत नसावी. आणि इमारतच हवी असंही कुठे आहे? जी. बी. जोशींनी १९३३ मध्ये काढलेल्या मनोहर ग्रंथमाला या प्रकाशनसंस्थेचा माळा, कन्नडमध्ये ‘अट्टा’, जिना चढून गेलं तर दहाबारा माणसांत भरून जाईल. समीक्षक कुर्तकोटी, नाटककार कार्नाड आणि निम्मं आधुनिक कन्नड साहित्य त्या माळ्यावर बसून चहा प्यालेलं आहे.

आता आमच्या फजितीकडे.

आम्ही कार्यक्रम ठेवला जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मृग कोरडा गेला होता, आर्द्राही तशाच जातील असं जाणत्यांनी सांगितलं. तीन वेळा परतणाऱ्या टाळीवर तोडगा काढला होता तो एका म्हातारीने. ‘भिंती उघड्या आहेत, त्यांना पांघरूण घाला,’ म्हणाली. गावातून कौद्या गोळा केल्या. कौदी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे तुकडे जोडून शिवलेली आमच्याकडची गोधडी. एका बाजूच्या भिंतीवर आणि मागच्या भिंतीवर मिळून चाळीस-एक कौद्या टांगल्या. टाळी वाजवली. एकदाच परत आली, तीही लाजत. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, मऊ आणि जाड पृष्ठभाग आवाज पितो. फक्त तिथे कौदी हा शब्द नसतो. वर आणखी एक झालं. ज्या ज्या घरची कौदी त्या घरची माणसं आपली कौदी कुठे लागली हे बघायला आली आणि कार्यक्रमाला थांबली. जाहिरातीचा एक पैसा लागला नाही.

पहिला प्रवेश छान झाला. दुसऱ्या प्रवेशात पाऊस आला. पत्र्यावरचा मलनाडी पाऊस ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. नटांचे ओठ हलत होते. शेवटी त्यातल्या एकाने हात जोडले आणि सगळे खाली बसून पाऊस ऐकू लागले. दीड तास. मुलं तेवढी खूश होती.

तेव्हापासून मी छपराबद्दल फार बोलतो, या पुस्तकातही त्याला पुष्कळ पानं गेली आहेत. पत्र्याखाली गवताचा किंवा नारळाच्या काथ्याचा थर देता येतो. कापडगिरणीची करवतीच्या दात्यांसारखी छपरं असतील तर नशीब उघडलं समजा. आपल्याकडे त्यांच्या काचा उत्तरेला असतात, ऊन आत येत नाही, उजेड दिवसभर सारखा राहतो. चित्रकाराला याहून चांगली खोली मिळायची नाही. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर मात्र त्याच्यावर हातोडा घालू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, फुटलं की त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. ते काम जाणकाराचंच. जमिनीत वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं, त्यावर लाकडी मंच ठोकण्याआधी आगीचा विचार करा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं नाट्यगृह, पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखलं गेलेलं, ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्रीत जळालं. शंभर वर्षांचं लाकूड पेटायला फार वेळ लागत नाही. दुसरा दरवाजा कुठे आहे, तो बाहेर उघडतो की आत, आणि त्याच्यापुढे कुणी खुर्च्या रचून ठेवल्या आहेत का, हे प्रत्येक प्रयोगाआधी बघायचं.

एवढं सगळं करून वर्षाला प्रयोग किती होणार? छोट्या गावात तीस झाले तरी डोक्यावरून पाणी. तीस संध्याकाळींच्या जिवावर छप्पर टिकत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की जागा आधी दिवसाची असावी, मग रात्रीची. कलघटगीत याचं उत्तर समोरच बसलेलं आहे. पाळणा करणाऱ्याला काय लागतं ते बघा. सागवानाच्या फळ्या उभ्या करायला उंची, लाखेचा रंग चढवायला कोरडी जागा, आणि कृष्णाच्या बाळलीला बोटभर पट्टीत रंगवायला स्थिर उजेड. घराच्या पडवीत तो हे सगळं कोंबून करतो. एक पाळणा पुरा व्हायला दिवसच्या दिवस जातात. त्या पट्टीवर रांगणारा कृष्ण लोण्याच्या मडक्याकडे बघत असतो, आणि मडक्याच्या काठावर एक पांढरा ठिपका असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान. तो ठिपका दिल्याशिवाय लोणी लोणी वाटत नाही. असा ठिपका देणाऱ्या माणसाभोवती शाळेची दहा मुलं बसली, तर त्या शेडला कलाकेंद्राची पाटी लावायची गरज नाही. संध्याकाळी फळ्या भिंतीला टेकवल्या की तालमीला जागा मोकळी.

हे वाचून कुणी आराखडा काढायला बसेल. जरूर काढावा, पण चार महिन्यांनी. त्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या, सातबाऱ्यासारखे कागद कर्नाटकातही असतातच, ते बघा, वाद चालू असेल तर नाद सोडा. मग केरसुणी न्या. मग काहीही करा, भजन, बुद्धिबळ, पोरांची चित्रं, कौद्या शिवण्याची बैठक, आणि कोण येतं, कुठे बसतं, कोणत्या दारातून आत शिरतं, हे बघत राहा. आमच्या गिरणीत सगळे समोरच्या मोठ्या दरवाजाने यायचं सोडून काट्याच्या बाजूच्या अरुंद दाराने येत. कारण विचारलं तर म्हणाले, मोठा दरवाजा शेटचा होता. तो आम्ही आता सताड उघडा ठेवतो. तरीही म्हातारे काट्याच्याच बाजूने येतात.

किल्लीचा घोळ बरेच दिवस चालला. समितीकडे असावी असं ठरलं, तर समितीतला ज्याच्याकडे ती होती तो हुबळीला राहायचा. मग ती पंचायतीत ठेवली, तर पाचनंतर मिळेना. आता ती समोरच्या चहावाल्याकडे खिळ्याला असते. कुणीही मागितली तर देतो. फक्त कोण, कशासाठी आणि कधी परत आणणार, एवढं वहीत लिहून घेतो. वहीत मागच्या आठवड्याची शेवटची नोंद सातवीतल्या एका मुलीची आहे: ‘नाच बसवायला, सहा वाजेपर्यंत.’